इंग्रजीतली सर्वनामं: मराठीतून इंग्रजीत येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मराठीतला ‘मी’ म्हणजे बोलणारा स्वतः. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे मात्र ‘मला’. मराठीतली ‘ही’ म्हणजे जवळची बाई, मुलगी, नाहीतर खुर्ची. इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे पुरुष. कानाला सारखेच वाटणारे हे शब्द दोन भाषांत वेगळी कामं करतात. शिकणारा गोंधळतो त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही.

हा लेख मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या मुलांनी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. दोन्ही पिढ्यांना ‘आय-मी-माय-माइन’ घडाघड येतं, आणि दोन्ही पिढ्या हिंजवडीच्या मुलाखतीत किंवा मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत नेमक्या सर्वनामाशी अडखळतात. कारण तक्ता पाठ असतो, पण कुठलं रूप कधी घ्यायचं हे ठरवताना मन मराठीच्या नियमाने चालतं.

फरक थोडक्यात असा. मराठीत सर्वनामाला प्रत्यय लागतात आणि ते शेजारच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजी सर्वनाम दोनच गोष्टी बघतं: ते कोणाबद्दल आहे, आणि वाक्यात कुठे बसलंय. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच फरकातून निघतात.

१. आधी सामान

फार काही लागत नाही. शंभर पानी एक वही, दोन रंगांची पेनं, आणि सोपा इंग्रजी मजकूर. मजकुरासाठी बालभारतीची सहावी ते आठवीची इंग्रजीची पुस्तकं उत्तम. जुन्या प्रती पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शोधा, नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवून घ्या. जाडजूड व्याकरणाचं पुस्तक पहिल्या महिन्यात घेऊ नका. त्यात सर्वनामांचे प्रकार आणि त्यांची नावं भरपूर असतात, पण मराठी माणूस कुठे घसरतो हे त्यात नसतं. बोलणं ध्वनिमुद्रित करायला फोन आहेच.

२. पाच ओळींचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहा

कर्त्याच्या जागी: आय, वुई, यू, ही, शी, इट, दे.
कर्माच्या जागी आणि शब्दयोगी अव्ययानंतर: मी, अस, यू, हिम, हर, इट, देम.
नामाच्या आधी, मालकी दाखवायला: माय, अवर, युअर, हिज, हर, इट्स, देअर.
मालकीच, पण नामाशिवाय: माइन, अवर्स, युअर्स, हिज, हर्स, देअर्स.
‘स्वतः’ची रूपं: मायसेल्फ, अवरसेल्व्हज, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, देमसेल्व्हज. अनेकांशी बोलताना युअरसेल्व्हज.

इथे लक्षात ठेवण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. ‘हर’ दोन ओळींत आहे, कर्म म्हणूनही आणि मालकीसाठीही. ‘हिज’सुद्धा दोन ओळींत आहे, पण त्या दोन्ही मालकीच्या. आणि शेवटच्या ओळीत माय, युअर, अवर यांना सेल्फ लागतं, पण पुढे हिम आणि देम येतात. म्हणून ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्हज’ हे शब्द चूक आहेत.

‘आय’ वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच लिहायचा. व्हॉट्सॲपवर चालून जातं म्हणून अर्जात चालत नाही.

३. ‘मला’ दिसलं की थांबा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. शाळेत ‘मला म्हणजे मी’ असं शिकवलेलं असतं, आणि ते निम्म्या वेळा खोटं ठरतं.

मराठीत भूक, आवड, आठवण, गरज, आजार हे सगळं माणसाला ‘होतं’, ‘लागतं’, ‘वाटतं’. म्हणून आपण ‘मला’ म्हणतो. इंग्रजीत हे सगळं माणूस स्वतः ‘करतो’ किंवा ‘असतो’, म्हणून तिथे ‘आय’ येतो.

मला भूक लागली: आय ॲम हंग्री.
मला उशीर झाला: आय ॲम लेट.
मला सर्दी झालीये: आय हॅव अ कोल्ड.
मला वाटतं: आय थिंक.
मला आठवत नाही: आय डोन्ट रिमेंबर.
मला पोहता येतं: आय कॅन स्विम.
मला स्वारगेटला जायचंय: आय वॉन्ट टू गो टू स्वारगेट.
मला दोन बहिणी आहेत: आय हॅव टू सिस्टर्स.

त्याला, तिला, आम्हाला, त्यांना यांचंही तसंच. ‘तिला गाता येतं’ म्हणजे ‘शी कॅन सिंग’. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणजे ‘वुई डिडन्ट नो’.

मग इंग्रजी ‘मी’ येतो कुठे? जिथे दुसरं कोणी तरी काही करतंय आणि ते आपल्यापर्यंत पोचतंय, तिथे. ‘आईने मला डबा दिला’ यात देणारी आई आहे, म्हणून ‘माय मदर गेव्ह मी अ टिफिन’. ‘कंडक्टरने मला हाक मारली’, म्हणून ‘द कंडक्टर कॉल्ड मी’.

कसोटी सोपी आहे. मराठी वाक्याला विचारा, ‘हे मला कोणी केलं?’ उत्तरात कर्ता सापडला तर ‘मी’, नाही सापडला तर ‘आय’. भूक कोणी लावली? कोणीच नाही. मग आय. एक अपवाद वहीत टिपून ठेवा. खटकणं, त्रास होणं अशा अर्थाच्या क्रियापदांत इंग्रजीतही माणूस कर्माच्या जागी जातो. ‘तो आवाज मला खटकतो’ हे ‘दॅट नॉइज बॉदर्स मी’ असंच होतं.

याच्या उलट ‘त्याने’, ‘तिने’, ‘त्यांनी’. या ‘ने’ला घाबरू नका. भूतकाळातला तो मराठीचा प्रत्यय आहे. इंग्रजीला त्याची गरज नाही. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘तो आंबा खातो’, दोन्हीकडे ‘ही’च.

४. ‘माझ्या’च्या मागे काय जोडलंय ते बघा

‘माझ्यासाठी थांब’ याचं ‘वेट फॉर माय’ असं होताना पुष्कळदा ऐकू येतं. कारण साधं आहे. मराठीत ‘माझ्या घरी’ आणि ‘माझ्यासाठी’ या दोन्हींत ‘माझ्या’ तोच आहे, म्हणून मन ‘माय’ उचलतं. इंग्रजीत मात्र फॉर, विथ, टू, फ्रॉम, अबाउट, बिटवीन यांच्यानंतर एकटं सर्वनाम आलं तर ते सहसा तक्त्याच्या दुसऱ्या ओळीतलं असतं.

माझ्यासाठी: फॉर मी. माझ्याबरोबर: विथ मी. त्याच्याबद्दल: अबाउट हिम. त्यांच्याकडून: फ्रॉम देम. आमच्यापैकी एक: वन ऑफ अस.

शब्दयोगी अव्ययाच्या पुढे नाम आलं, तरच ‘माय’: ‘फॉर माय सिस्टर’.

दोन माणसं जोडून आली की सुशिक्षित लोकही चुकतात. ‘बिटवीन यू अँड आय’ कानाला ऐटदार वाटतं, पण चूक आहे. ‘बिटवीन यू अँड मी’ हेच बरोबर. संशय आला की दुसऱ्या माणसाला वाक्यातून काढून बघा. ‘सर कॉल्ड हिम अँड आय’ मधला ‘हिम’ काढला तर ‘सर कॉल्ड आय’ उरतं, आणि चूक लगेच कळते.

‘माझ्याकडे’चा एक वेगळा पेच आहे. ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ कार’. पण ‘किल्ली माझ्याकडे आहे’ म्हणजे ‘द की इज विथ मी’ किंवा ‘आय हॅव द की’. पहिलं मालकीचं, दुसरं जवळ असण्याचं.

५. ‘हिज’ की ‘हर’: मालक बघा, वस्तू बघू नका

‘माझा भाऊ आणि त्याची बायको’ हे इंग्रजीत सांगताना बायको समोर येते आणि तोंडातून ‘हर वाइफ’ निघून जातं. कारण मराठीत ‘त्याचा, त्याची, त्याचं, त्याचे’ यांचा शेवट मागून येणाऱ्या नामाप्रमाणे बदलतो: त्याचा मुलगा, त्याची मुलगी, त्याचं घर. ‘त्याची’मधली ‘ची’ बायकोची असते, पण ‘त्या’ भावाचा असतो. इंग्रजीने ती ‘ची’ ठेवलीच नाही. तिथे फक्त मालक दिसतो.

भावाची बायको: हिज वाइफ. भावाची आई, भावाची सायकल, भावाचं घर: सगळीकडे हिज. बहिणीचा नवरा: हर हजबंड. बहिणीचा फोन, बहिणीची पर्स: सगळीकडे हर.

सरावाची पद्धत अशी. वहीच्या डाव्या बाजूला घरातल्या पाच पुरुषांची आणि पाच बायकांची नाती लिहा: आजोबा, काका, भाचा, मामी, वहिनी, आत्या वगैरे. उजवीकडे प्रत्येकासाठी उलट लिंगाच्या दोन गोष्टी लिहा. आजोबांची काठी, आजोबांची बहीण. मामीचा डबा, मामीचा भाऊ. मग मोठ्याने इंग्रजीत म्हणा, आणि म्हणताना बोट मालकावर ठेवा. बोट फार महत्त्वाचं आहे. डोळा आपोआप वस्तूकडे पळतो, बोट त्याला अडवून ठेवतं.

इथेच ‘माय’ आणि ‘माइन’चाही निकाल लावून टाका. ‘हे माझं पुस्तक आहे’ आणि ‘हे पुस्तक माझं आहे’, मराठीत ‘माझं’ तेच. इंग्रजीत पहिल्यात नाम मागून येतं म्हणून ‘धिस इज माय बुक’, दुसऱ्यात मागे काहीच नाही म्हणून ‘धिस बुक इज माइन’. ‘माझा एक मित्र’ याला ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हणतात, ‘अ फ्रेंड ऑफ मी’ नाही.

लिहिताना दोन जागा सांभाळा. मालकीच्या ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधीही नसते. ती असली तर शब्दाचा अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होतो. हर्स, युअर्स, अवर्स, देअर्स यांच्यातही ती घालायची नाही. दुसरं ‘देअर’. मालकीच्या ‘देअर’च्या स्पेलिंगमधला पहिला टी झाकला तर वारस या अर्थाचा इंग्रजी शब्द उरतो. ‘तिथे’ अर्थाच्या ‘देअर’चा टी झाकला तर ‘हिअर’, म्हणजे इथे, उरतो. वारसाचा संबंध मालकीशी, इथेचा जागेशी. एवढं डोक्यात बसलं की या स्पेलिंगांची अदलाबदल थांबते.

६. खुर्ची ‘शी’ नाही, पंखा ‘ही’ नाही

मराठीत किल्ली ती, पंखा तो, कपाट ते. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. ‘किल्ली कुठंय? ती टेबलावर आहे’ याचं उत्तर ‘इट इज ऑन द टेबल’. कंपनी, बँक, शाळा, सिंहगड, मुळा-मुठा, पुणे शहर, सगळं ‘इट’, आणि त्यांची मालकी ‘इट्स’. जनावरांनाही साधारण ‘इट’, पण घरच्या लाडक्या कुत्र्याला ‘ही’ किंवा ‘शी’ म्हटलं तर ते अगदी योग्य आहे. अनेक वस्तू असल्या की ‘दे’. ‘दे’ फक्त माणसांसाठी असतो हा समज पुसून टाका: ‘व्हेअर आर द कीज? दे आर ऑन द टेबल.’

७. आदर सर्वनामात घालू नका

बाबा, सर, डॉक्टर यांना आपण ‘ते’ म्हणतो, मॅडमना ‘त्या’. मनात ‘ते म्हणजे दे’ बसलेलं असतं, म्हणून ‘माय फादर इज इन सातारा, दे आर कमिंग टुमॉरो’ असं वाक्य येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, साताऱ्याहून चारपाच माणसं येताहेत. एकच पुरुष कितीही थोर असो, इंग्रजीत ‘ही’. एकच बाई असेल तर ‘शी’. यात अपमान होत नाही. इंग्रजीत आदर ‘सर’, ‘मॅम’, ‘कुड यू प्लीज’ अशा शब्दांनी दाखवतात. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपवरही इथे डोळे झाकून विसंबू नका. ‘ते म्हणाले’ दिलं की ते पुष्कळदा ‘दे सेड’ करून टाकतं.

‘आमचे हे घरी नाहीत’ यातल्या ‘हे’चं भाषांतर सर्वनामाने होत नाही. आधी ‘माय हजबंड’ म्हणा, पुढच्या वाक्यापासून ‘ही’.

तू आणि तुम्ही, दोन्हींना ‘यू’. पण एकाशी बोलतानाही ‘यू आर’ का, ‘यू इज’ का नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो. इंग्रजीतही एके काळी एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’ व ‘यू’ होतं. आदर दाखवायला एकालाही अनेकवचनी ‘यू’ म्हणायची पद्धत पडली, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखी. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘दाऊ’ रोजच्या प्रमाण बोलीतून जवळजवळ गेलं. उरला तो ‘तुम्ही’, आणि त्याचं अनेकवचनी क्रियापद.

‘आपण’ला तर चार वाटा आहेत. ‘आपण निघूया’: लेट्स गो. ‘आपण कुठून आलात?’: यू. ‘आपण दुसऱ्याचं ऐकून घ्यावं’: यू, आणि औपचारिक लिखाणात ‘वन’. ‘तो आपल्या आईशी बोलला’: हिज मदर. या चौथ्या ‘आपल्या’ला अनेकजण ‘अवर’ म्हणतात आणि त्याची आई सगळ्यांची होऊन बसते.

आम्ही आणि आपण यांतला फरक इंग्रजी ‘वुई’ला दाखवता येत नाही. ‘वुई विल मीट द क्लायंट टुमॉरो’ असा मेल मिळालेल्या सहकाऱ्याला कळत नाही, की आपणही जायचंय का. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये ‘यू अँड आय’ किंवा ‘माय टीम’ असं सरळ लिहा.

८. गाळलेलं सर्वनाम परत आणा

‘उद्या येतो.’ ‘गेली.’ ‘आवडलं.’ मराठीत ही पूर्ण वाक्यं आहेत, कारण कोण, एक की अनेक, बाई की पुरुष हे बरंचसं क्रियापदच सांगतं. इंग्रजी ‘वेंट’ला लिंगही नाही आणि वचनही नाही, त्यामुळे कर्ता बोलावाच लागतो: ‘शी वेंट’.

कर्त्यापेक्षाही कर्म गाळण्याची सवय जास्त चिवट असते, कारण ती चूक जाणवत नाही. ‘फाइल आणलीस का?’ ‘हो, आणली.’ इंग्रजीत ‘येस, आय ब्रॉट’ अर्धवट राहतं. ‘येस, आय ब्रॉट इट.’ सिनेमा आवडला? ‘आय लाइक्ड इट.’ रिपोर्ट पाठव? ‘प्लीज सेंड इट टू मी.’ नुसतं ‘प्लीज सेंड मी’ म्हटलं तर ‘मला पाठवा’ म्हणजे मलाच कुठे तरी धाडा, असा अर्थ होऊ शकतो.

मग येतो कोणाबद्दलच नसलेला ‘इट’. पाऊस, वेळ, अंतर, तारीख यांच्यासाठी मराठीत वेगळा कर्ता लागत नाही. इंग्रजीला रिकामी जागा चालत नाही, म्हणून ‘इट’ बसवतात. पाऊस पडतोय: इट इज रेनिंग. पाच वाजले: इट इज फाइव्ह ओ’क्लॉक. कात्रजहून शिवाजीनगरला जायला वेळ लागतो: इट टेक्स टाइम टू गो फ्रॉम कात्रज टू शिवाजीनगर. गाडी लावणं अवघड आहे: इट इज डिफिकल्ट टू पार्क. या ‘इट’चा अर्थ शोधत बसू नका, त्याला अर्थ नाही. वाक्य ‘इज’ने सुरू होतंय असं दिसलं आणि प्रश्न विचारायचा नसेल, तर ‘इज’च्या आधी ‘इट’ हवा.

हा, ही, हे यांच्याबद्दल थोडंच. जवळ एक असेल तर धिस, अनेक असतील तर दीज. दूर एक असेल तर दॅट, अनेक असतील तर दोज. ओळख करून देताना ‘धिस इज माय ब्रदर’ म्हणा, पण लगेच पुढे ‘ही लिव्ह्ज इन वारजे’. फोनवर स्वतःचं नाव सांगताना ‘धिस इज सायली स्पीकिंग’ म्हणण्याची रीत आहे.

९. ‘मायसेल्फ’ जागेवर ठेवा

‘मायसेल्फ सायली फ्रॉम कोथरूड’ ही सुरुवात मुलाखतीत रोज होते, आणि सांगूनही सुटत नाही. ‘आय ॲम सायली’ एवढंच पुरे. मायसेल्फला कर्त्याची खुर्ची एकट्याने कधीच मिळत नाही. त्याची कामं तीन.

कर्ता आणि कर्म एकच असेल तेव्हा: ‘ही कट हिमसेल्फ’ म्हणजे त्याला स्वतःच्या हातून कापलं. ‘ही कट हिम’ म्हटलं तर त्याने दुसऱ्याला कापलं, आणि मामला पोलिसांपर्यंत जाईल. जोर द्यायला: ‘आय मेड इट मायसेल्फ’, मी स्वतः केलं. आणि ‘बाय’बरोबर, एकट्याने या अर्थी: ‘शी ट्रॅव्हल्स बाय हरसेल्फ’.

मराठीत ‘स्वतः’ नसतं, पण इंग्रजीत हवं, अशाही जागा आहेत. ‘पडले आणि लागलं’: आय फेल अँड हर्ट मायसेल्फ. ‘मजा आली’: वुई एन्जॉइड अवरसेल्व्हज, नाहीतर वुई एन्जॉइड द ट्रिप. ‘वुई एन्जॉइड अ लॉट’ला कर्म नाही. उलट आंघोळ, दाढी, कपडे बदलणं यांना सेल्फची गरज नसते.

१०. ‘जो’ आला की ‘तो’ सोडून द्या

‘जो मुलगा काल आला होता, तो माझा भाचा आहे.’ मराठीत ‘जो’ला ‘तो’ची जोडी लागते. इंग्रजीत ‘हू’ एकटाच पुरतो: ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय नेफ्यू.’ यात ‘इज’च्या आधी ‘ही’ घातला की वाक्य बिघडलं. वस्तूंचंही तेच: ‘द बुक दॅट आय बॉट इज ऑन द टेबल’. ‘आय बॉट इट’ मधला ‘इट’ इथे काढायचा, कारण त्याची जागा ‘दॅट’ने घेतलीये. आठव्या पायरीत आपण ‘इट’ घालायला शिकलो आणि इथे काढायला शिकतोय, म्हणून काही दिवस गोंधळ होईल. होऊ द्या.

माणसांना हू, वस्तूंना विच, दोघांनाही दॅट. ‘ज्याचा, जिची, ज्यांचं’ या सगळ्यांना मिळून एकच: हूज. ‘हूम’ बोलण्यात फारसा येत नाही, परीक्षेत येतो. उत्तरात ‘हिम’ बसत असेल तर हूम, ‘ही’ बसत असेल तर हू. हिम आणि हूम दोन्ही एमने संपतात, एवढी खूण पुरते.

११. सगळे, प्रत्येक, कोणी

‘सगळे आलेत’ अनेकवचन, पण एव्हरीवन, एव्हरीबडी, समवन, नोबडी, ईच यांचं क्रियापद एकवचनी: ‘एव्हरीवन हॅज कम.’ नकार एकदाच द्यायचा. ‘कोणी आलं नाही’ म्हणजे ‘नोबडी केम’. ‘नोबडी डिडन्ट कम’चा अर्थ सगळे आले असा उलटतो.

‘प्रत्येकाने आपला डबा आणावा’ याला काय म्हणायचं? जुनी व्याकरणं ‘हिज’ सांगतात. आज बोलण्यात आणि लिखाणात ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर टिफिन’ सर्रास चालतं. हा एकवचनी ‘दे’ नवा नाही, चौदाव्या शतकापासून तो इंग्रजीत सापडतो. अमेरिकेत शोधनिबंध लिहिण्याच्या एपीए पद्धतीने २०१९च्या सातव्या आवृत्तीत त्याला मान्यता दिली. ज्या व्यक्तीचं लिंग माहीत नाही तिच्यासाठी, किंवा जी स्वतःसाठी ‘दे’ वापरायला सांगते तिच्यासाठी, तोच वापरा.

१२. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांसाठी वेगळा खण

स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका जुन्या नियमांवर चालतात. हे नियम बोलण्यात आणू नका, पण उत्तरपत्रिकेत पाळा. व्याकरणातले तिन्ही पुरुष, म्हणजे बोलणारा (एक), ऐकणारा (दोन) आणि तिसरा कोणी (तीन), एकत्र आले की क्रम दोन-तीन-एक: ‘यू, ही अँड आय’. चूक कबूल करायची असेल तर एक-दोन-तीन: ‘आय, यू अँड ही आर टू ब्लेम’. ‘वन’ने सुरू झालं की पुढेही ‘वन्स’: ‘वन शुड डू वन्स ड्यूटी’. तुलनेत ‘टॉलर दॅन आय’, बोलण्यात मात्र ‘दॅन मी’. ‘ईच ऑफ द बॉइज’नंतर ‘हॅज डन हिज वर्क’.

१३. रोजची वीस मिनिटं

पहिली दहा मिनिटं बालभारतीच्या पुस्तकातला एक परिच्छेद घ्या. प्रत्येक सर्वनामाभोवती निळं वर्तुळ करा आणि ते ज्या नामासाठी आलंय तिथपर्यंत लाल बाण काढा. बाण कुठे न्यावा कळलं नाही, तर तिथे अर्थही कळलेला नाही. उरलेली दहा मिनिटं आज घरात काय घडलं ते सहा-सात वाक्यांत फोनवर बोला, मग ऐका, आणि ‘ही-शी-हिज-हर’ची चूक झाली की वहीत रेघ मारा. बोलण्यातल्या चुका लिहिण्यापेक्षा उशिरा जातात. तीन आठवडे सलग केलंत तर कोणती चूक तुमची स्वतःची आहे, हे रेघांवरून दिसेल. मग फक्त तिच्या मागे लागा.

लिहिताना एक धोका शेवटपर्यंत राहतो. ‘दादाने बाबांना सांगितलं की त्यांची गाडी बंद पडली’ यात ‘त्यांची’वरून गाडी बाबांची हे कळतं. ‘माय ब्रदर टोल्ड माय फादर दॅट हिज कार हॅड ब्रोकन डाउन’ यात गाडी कोणाची? दोघांचीही असू शकते. अशा वेळी सर्वनाम सोडा आणि नाम परत लिहा: ‘माय फादर्स कार’.

आता ही आठ मराठी वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग खाली बघा.

बाबा आले नाहीत, त्यांना बरं नाहीये.
मावशीने तिच्या मुलाला तिची सायकल दिली.
ही छत्री माझी नाही, तिची आहे.
मला उशीर होईल, माझ्यासाठी थांबू नका.
ज्याची गाडी दारात उभी आहे, त्याला बोलवा.
पुणे वाढलं, पण त्याने आपले काही जुने वाडे राखलेत.
किल्ली आणलीस का? हो, आणली.
आमचे हे ऑफिसला गेलेत, सातला येतील.

उत्तरं:

माय फादर हॅजन्ट कम. ही इजन्ट वेल.
माय आंट गेव्ह हर सन हर बायसिकल.
धिस अम्ब्रेला इजन्ट माइन, इट्स हर्स. इथल्या ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी आहे, ‘हर्स’ला नाही.
आय विल बी लेट. डोन्ट वेट फॉर मी.
कॉल द मॅन हूज कार इज ॲट द गेट.
पुणे हॅज ग्रोन, बट इट हॅज केप्ट सम ऑफ इट्स ओल्ड वाडाज. इथल्या ‘इट्स’ला अपॉस्ट्रॉफी नाही.
डिड यू ब्रिंग द की? येस, आय ब्रॉट इट.
माय हजबंड हॅज गॉन टू द ऑफिस. ही विल बी बॅक ॲट सेव्हन.